आईनं न घेतलेलं नाव

माझ्या आईनं मला जन्मात एकदाही माझ्या नावानं हाक मारली नाही. नाव नावडतं होतं म्हणून नव्हे, ते घ्यायची तिला बंदी होती. मी जन्मले त्याच्या सातच महिने आधी माझी आजी, म्हणजे आईची सासू, वारली होती. माझं नाव तिचंच ठेवलं. सुनेनं सासूचं नाव तोंडावर आणायचं नाही, सासू गेल्यावर तर मुळीच नाही, हा आमच्या निपाणीतल्या घराचा रिवाज. आजीचं नाव कोल्हापूरच्या देवीचं होतं. म्हणजे सासू, देवी आणि पोटची मुलगी, तिघींना मिळून एकच नाव, आणि आईला तिघींतल्या एकीलाही हाक मारता येत नव्हती. ते नाव मी इथं लिहिणार नाही. जिनं मला नऊ महिने पोटात वाढवलं तिला ते घेता आलं नाही, मग परक्यांनी ते वाचून काय करायचं आहे?

नाव ठेवलं आत्यानं. आत्या ही आप्पांची थोरली बहीण. नवऱ्यानं तिला नांदवलं नव्हतं, त्यामुळं ती आमच्याकडंच असायची आणि घर तिच्याच तंत्रानं चालायचं. बारशाला तिनं माझ्या कानात कुर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई परत आली गं बाई माझी!" जमलेल्या बायकांनी पाळण्याभोवती त्या नावाचा गजर केला. पुढं कधीतरी मी आईला विचारलं, "तू काय करत होतीस गं तेव्हा?"

"काय करनार? ओठ मिटून बसलते," ती म्हणाली.

आईचं माहेर गोकाकच्या पलीकडचं, कानडी. तिच्या आईबापांनी सौंदत्तीच्या देवीला नवस बोलून त्या देवीचं नाव तिला ठेवलं होतं. लग्नात आप्पांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. तेही देवीचंच, पण मराठी देवीचं. देवी बदलली की बाई आपली झाली, असा सगळा मामला. पण ते नाव ताटातल्या तांदळातच राहिलं. आप्पा "अगं, ऐकलंस का" म्हणत, आत्या "वैनी" म्हणे, आणि आजी जिवंत होती तोवर "ए कानडे" म्हणून हाक मारत असे. मामा वर्षातनं एकदा बहिणीला भेटायला यायचा आणि दारातनंच जुन्या नावानं हाक द्यायचा. आई हातातलं काम टाकून धावायची. तेव्हा आजी आतनं ओरडायची, "त्या नावाची कोण बाई हितं ऱ्हात न्हाय!" हे मला मामानं सांगितलं. आई सासूबद्दल चकार शब्द काढत नसे.

अशा सासूच्या हाताखाली तिनं अकरा वर्षं काढली. सासू गेली तेव्हा तिनं मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला असेल, तर मी तिला दोष देणार नाही. पण सात महिन्यांत सासू पाळण्यात येऊन पडली, आणि आता तर तिला अंगावर पाजायचंही होतं.

मी घरातली एकुलती एक लेक आणि शिवाय घरातली मोठी बाई. जेवायला बसलं की आधी माझ्या ताटात वाढायचं. मला टाकून बोलायचं नाही, माझ्या अंगाला हात लावायचा नाही. चार वर्षांची असताना मी दुधाचं पातेलं लवंडलं, आणि आईनं रागाच्या भरात माझ्या पाठीत धपाटा घातला. आत्या तिथंच होती.

"माझ्या आईवर हात उगारतीस व्हय गं वैनी? जिती हुती तवा झाला असता धीर?"

तिनं आईला माझ्या पाया पडायला लावलं. सांडलेल्या दुधात गुडघे टेकून आई वाकली आणि मला गंमत वाटून मी हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि स्वतःची किळस येते. लहान होते, कळत नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण हसले ते मीच.

आप्पा त्या वेळी ओसरीवर होते. ते मध्ये पडले नाहीत. आप्पा मराठी शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब, कुणावर आवाज म्हणून चढवायचे नाहीत. गावात कुणाच्याही घरी बारसं असलं की त्यांना बोलावणं असायचं, आणि तिथं ते आपलं लाडकं मत सांगत. "मुलांना देवाचीच नावं ठेवावीत. दिवसातनं पन्नास वेळा आपण पोराला हाक मारतो, तेवढंच नामस्मरण घडतं. आणि शेवटच्या घटकेला माणूस कुणाला हाक मारणार? पोरालाच. म्हणजे देवाचं नाव आपसूक तोंडात येतं आणि जीव सुटतो." लोक माना डोलवत. हे मत आप्पांनी शोधलेलं नव्हतं, ते पूर्वापार चालत आलेलं आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की दिवसातनं पन्नास वेळा पोरांना हाका कोण मारतं? आप्पा मला दोन वेळा हाक मारत, एकदा चष्मा कुठाय म्हणून आणि एकदा पान आण म्हणून. उरलेल्या अठ्ठेचाळीस वेळा मला बोलवायची वेळ जिच्यावर यायची, तिच्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलेलं. पुण्याची वाटणीसुद्धा अशी करून ठेवली होती.

आईनं आपल्यापुरता एक मार्ग काढला होता. मला बोलवायचं झालं की ती हाताशी असेल त्यावर दोनदा वाजवायची. उलथण्यानं तव्याच्या कडेवर, पळीनं तांब्यावर, काहीच नसलं तर बोटातल्या अंगठीनं उंबऱ्यावर. टक टक. मी कुठंही असले तरी "आले" म्हणून पळत यायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बोलावतात.

तसं नसतं, हे मला शेजारणीमुळं कळलं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. बाप तंबाखूच्या वखारीत कामाला, आई घरी विड्या वळायची. त्यांच्या मुलाचं नाव त्यांच्या पैगंबरांचं. ती बाई संध्याकाळी दारात उभी राहून त्या नावानं अशी खणखणीत हाक मारायची की गल्लीच्या टोकापर्यंत जावी. मात्र पोराला रागं भरायचं असलं तर ती ते नाव घेत नसे. त्यासाठी तिनं दुसरंच एक टोपणनाव ठेवलं होतं, शिव्या खायला. पाक नावाला शिवी चिकटू नये म्हणून. तिची हाक ऐकू आली की आईचा जात्यावरचा हात थांबायचा. पुन्हा फिरायला लागायला जरा वेळ लागायचा.

एकदा त्या बाईनं विचारलं, "भाभी, तुमच्यात देवाचं नाव घ्यायला बंदी हाय काय?"

"देवाचं घ्यायला न्हाय," आई म्हणाली. "सासूचं."

देवीची आरती मी आईकडनंच शिकले. ती रोज संध्याकाळी दिवा लावून आरती म्हणायची, आणि देवीचं नाव आलं की ओठ मिटून तेवढी जागा सोडून पुढं जायची. ताल चुकायचा नाही. मला वाटायचं आरतीची चालच तशी आहे. मुलींच्या शाळेत जायला लागल्यावर नवरात्रात बाईंनी मला पुढं उभं करून आरती म्हणायला लावली, आणि मी आईसारखीच त्या त्या जागी थांबत ती म्हटली. बाईंना वाटलं मी चेष्टा करते आहे.

"तिथं गप्प का होतेस?"

"तिथं गप्प बसायचं असतं," मी म्हणाले.

माझ्या हातावर दोन छड्या बसल्या. घरी येऊन मी आईला सांगितलं. तिनं माझ्या हाताला खोबरेल लावलं आणि म्हणाली, "तू घे गं नाव. तुला कुठं सासू हाय अजून?" त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नावासकट आरती म्हटली. आईच्या जागा मी भरत गेले आणि ती माझ्याकडं न बघता टाळ्या वाजवत राहिली.

मी आठ वर्षांची असताना आम्ही सगळे नवरात्रात सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला गेलो. देवळात ही गर्दी. आप्पा पुरुषांच्या रांगेत गेले, आत्या पुढं घुसली, आणि ओटीचं तबक सांभाळताना आईच्या हातातनं माझा हात सुटला. क्षणात मी कुठल्या कुठं ढकलले गेले. सगळीकडनं देवीच्या नावाचा उदो चालला होता, आणि देवीचं नाव म्हणजे माझं नाव. डावीकडनं हाक आली की मी डावीकडं वळायची, उजवीकडनं आली की उजवीकडं. सगळं देऊळ माझ्या नावानं ओरडत होतं, फक्त माझी आई सोडून. तिचा आवाज असता तर मला हजारांत कळला असता.

शेवटी एका ओटीचं सामान विकणाऱ्या बाईनं मला धरून आपल्या फळीवर बसवलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "या देवळात ह्या नावानं कुणाला वरडून सांगू गं पोरी?" मग मी रडायला लागले.

तिकडं आई देवळाच्या शिपायाला गाठून सांगत होती, आठ वर्षांची पोर, हिरवा परकर, दोन वेण्या. शिपाई म्हणाला, "बाई, नाव सांगा नाव!"

"सासूचं नाव हाय तिला."

"मग सासूचं नाव सांगा!"

आईनं देवळाच्या शिखराकडं बोट दाखवलं. शिपाई चिडून निघून गेला.

मग तिनं ओटीचं तबक एका हातावर तोललं आणि अंगठीनं त्यावर वाजवत आवारभर फिरायला लागली. मला त्या गलक्यातनं ऐकू आलं ते अगदी जवळ आल्यावर. टक टक. मी फळीवरनं उडी मारली आणि तिच्या कमरेला मिठी घातली. तबकातला नारळ पडून घरंगळत गेला, खण कुणाच्या तरी पायाखाली गेला. देवीची ओटी त्या दिवशी भरलीच नाही.

परतीच्या मोटारीत मी आईला विचारलं, "तू मला नाव घेऊन का न्हाईस बोलावलं?" उत्तर आत्यानं दिलं. "पोर हरवली तरी वैनीनं माझ्या आईचं नाव तोंडावर आणलं न्हाय. अशी मर्यादा आजकाल कोण पाळतंय?" आत्यानं आईचं कौतुक केलेलं मी त्या एकाच दिवशी ऐकलं. आप्पांना तर ही गोष्ट इतकी आवडली, की शिखराकडं बोट दाखवल्याचा प्रसंग ते पुढं बारशांतनं रंगवून सांगू लागले. आई मोटारीच्या बाहेर तंबाखूची रानं बघत होती. मी मनात ठरवून टाकलं की हिला माझ्यापेक्षा मेलेली सासू मोठी आहे. ही अढी मी बारा-तेरा वर्षं बाळगली. तव्यावर टकटक झाली की जायची, पण "आले" म्हणणं मी सोडून दिलं. आईनं त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पंधराव्या वर्षी मला बेळगावात दिलं. नवऱ्यानं तांदळावर एका फुलाचं नाव लिहिलं, त्या काळच्या नव्या पद्धतीचं. पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा ओसरीवर डाळ निवडत बसले होते. आतनं आई कुणाला तरी हाक मारत होती. एकदा, दोनदा, तीनदा. कुणीतरी पाहुणी आली असेल म्हणून मी मान वर केली नाही. मग आतनं टक टक ऐकू आलं आणि मी ताडकन उठले. चुलीपुढं आई पळी हातात घेऊन उभी होती. ती मलाच बोलावत होती, फुलाच्या नावानं. माझ्या सासरच्यांनी दिलेल्या नावावर आईला बंदी नव्हती, आणि बिचारीनं केवढ्या हौसेनं ते घेऊन पाहिलं होतं.

"ह्ये बी तुझं न्हाय वाटतं," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून हसली. मीही हसले. ते नाव तिनं पुन्हा घेतलं नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईला विषमज्वर झाला. मला दिवस गेलेले, तरी मी बेळगावहून आले. आत्या दोन वर्षांपूर्वीच गेली होती. घरात आप्पा, मी आणि अंथरुणाला खिळलेली आई. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं उंबऱ्याशी आली असताना आप्पा आईच्या उशाशी बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं, ऐकलंस का," ते म्हणाले, "रिवाज आता राहू दे. पोरगी जवळ बसली आहे. तिला नावानं हाक मार. देवीचं नाव आहे, जीव सुटेल तुझा. माझी मोकळीक आहे तुला."

माझी मोकळीक आहे तुला! म्हणजे मोकळीक द्यायची त्यांच्या हातात होती तर. सांडलेल्या दुधात आई वाकली त्या दिवशीही होती, देवळात ती तबक बडवत फिरली त्या दिवशीही होती. आमची सगळी वर्षं ती त्यांनी खिशात ठेवली, आणि आता काढली तीसुद्धा मी हाक ऐकावी म्हणून नाही, नाव वाया जाऊ नये म्हणून.

आईनं डोळे उघडले. आप्पांकडं तिनं नीट बघितलं. आवाज खोल गेला होता पण शब्द स्वच्छ होते.

"जाताना सासूचं नाव घिऊ व्हय?"

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "वात झालाय तिला, बरळतीया."

वात झाला नव्हता. माझी बारा-तेरा वर्षांची अढी त्या एका वाक्यानं गळून पडली, आणि तिच्या जागी काय आलं ते मला अजून सांगता येत नाही. ते नाव तिला कधी माझं वाटलंच नव्हतं. माझ्यावर दुसऱ्याच बाईचं नाव डकवून तुम्ही तिला आई केलं होतं, आणि ती ते नाव बाजूला सारून इतकी वर्षं मला सांभाळत होती. मर्यादा वगैरे काही नव्हतं त्यात. तिला माझ्यात सासू नको होती.

मग तिचा हात चाचपडत सरकला. अंथरुणाशी पाण्याचा तांब्या होता. तिनं अंगठीनं त्यावर वाजवलं. टक टक.

"पाणी मागतीया," आप्पा म्हणाले आणि तांब्या उचलून भरायला आत गेले.

मी तिच्या तोंडाशी वाकून म्हणाले, "आले, आई." तिला ऐकू गेलं असं मी धरून चालते. आप्पा पाणी घेऊन येईतो ती गेली होती.

दुपारपासून माणसं भेटायला यायला लागली, आणि आप्पा प्रत्येकाला सांगत होते, "लेकीकडं बघून देवीचं नाव घेतलं आणि डोळे मिटले." मी समोर बसून होते. पहिल्या दिवशी गप्प बसले, कारण ते रडत होते. तेराव्याला गप्प बसले, कारण तोवर सगळं गाव तसं म्हणायला लागलं होतं. माझ्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो. ओठ मिटून बसायचं मीही शिकलेच होते.

दिवाळीच्या आत बेळगावात मला मुलगी झाली. बारशाला आप्पा निपाणीहून आले. मुलीला तिच्या आजीचं नाव ठेवा, म्हणून त्यांनी तांदळावर लिहिलेलं ते जुनं नाव सुचवलं. मी म्हणाले, "त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली होती, आप्पा?" मग जमलेल्या माणसांकडं वळून त्यांनी नेहमीचं सुरू केलं, की मुलांना देवाची नावं का ठेवावीत, आमच्या घरातलाच दाखला सांगतो, हिच्या आईनं जाताना...

"तिनं देवीचं नाव घेतलं नाही," मी म्हणाले. "तिनं मला हाक मारली."

"तेच ते," आप्पा समजुतीच्या स्वरात म्हणाले. "तुझं नाव ते देवीचंच की, पोरी."

"नाही. माझ्या नावानं मारली."

"मग कोणत्या नावानं?"

पाळण्याशेजारी तांब्याभांडं होतं. मी पूजेच्या ताटातली पळी घेतली आणि आप्पांकडं बघत तांब्यावर दोनदा वाजवलं. मग मागनं एक बाई लगबगीनं पुढं आली आणि तिनं भांडं भरून माझ्या हातात पाणी दिलं.